फक्कीचं घर

“भिंतीतून काय येताय, मिस्त्री? दार आहे की तिकडं!”

मी असं ओरडले आणि दस्तगीर मिस्त्री एक पाय हवेत धरून जागच्या जागी थांबला. त्याच्या पुढ्यात भिंत नव्हती. नुसती पांढऱ्या फक्कीची रेघ होती आणि ती त्यानंच थोड्या वेळापूर्वी दोरी लावून मारली होती. तरी बिचारा मुकाट मागं फिरला, रेघेत जिथं खंड होता तिथपर्यंत चालत गेला आणि तिथून आत आला.

“चुकलं वैनी,” तो म्हणाला. “घराला अजून पाया न्हाई, पर दरारा आलाय.”

आमचे हे मोठ्यानं हसले. त्या सकाळी ते कशालाही हसत होते. मी काही हसवायला ओरडले नव्हते, सवयीनं तोंडातून गेलं होतं. जन्मभर बालवाडीत शिकवलेलं. जमिनीवर खडूनं घर आखायचं, पोरांना त्यात सोडायचं, ‘दारातनं आत या, इथं कोण राहतं, तिथं कोण झोपतं’ असं विचारत बसायचं, हेच माझं काम. पोरं भिंतीतून शिरली की ओरडायचं, हे जिभेला लागून गेलं होतं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आमचे हे, म्हणजे हिंदुराव सूर्यवंशी, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळत्या पाकात साखरेचा दाणा कधी धरतो आणि तो किती वाढू द्यायचा, हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं, हे पॅनमनचं काम. आमचा सगळा संसार कारखान्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत झाला. ऐन हंगामात, डिसेंबरात, हे निवृत्त झाले. पावसाळ्याच्या आत क्वार्टर सोडायचं होतं. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत येऊन पडले होते. पेन्शन म्हणाल तर दूधवाला आणि भाजीवाली यांचं भागवून संपणारी, आणि ह्यांच्या माघारी मी राहिले तर तिच्याही निम्मी. म्हणजे जे काही होतं ते त्या एकरकमी पैशांत होतं. असा पैसा आमच्यासारख्यांच्या घरात एकदाच येतो आणि उरलेला जन्म त्यावर काढायचा असतो.

ह्यांनी तो सगळा बंगल्यात घालायचं ठरवलं होतं. गावात वाटणीला आलेली जागा होती, तिच्यावर सहा खोल्या, खाली चार, वर दोन. सहाच का? तर जागेला लागून दक्षिणेला थोरल्या दिरांचा बंगला होता आणि तो पाच खोल्यांचा होता. थोरले दीर पोलिसात हवालदार होते. त्यांनीही निवृत्तीचा पैसा असाच बांधकामात घातला आणि दोन वर्षांत गेले. आता त्या घरात माझ्या जाऊबाई, हौसाक्का, एकट्या राहत होत्या.

माझं म्हणणं वेगळं होतं. तालुक्याच्या गावी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तो घ्यावा. दवाखाना जवळ, बँक जवळ, स्टँड जवळ. बाकीचे पैसे पोस्टात आणि बँकेत ठेवावेत, व्याज येत राहील. ह्यांनी त्या फ्लॅटचं नाव पिंजरा ठेवलं होतं. वर्षभर आम्ही ह्यावरून भांडलो आणि मी हरले. त्या सकाळी मी पिशवीत नारळ, सुपारी, हळदकुंकू घेऊन गप आले होते. पायाची कुदळ पडली की बोलायला काही उरणार नव्हतं.

पण गुरुजी शेजारच्या गावात एका वास्तुशांतीला अडकले होते. ‘येतोच’ असा त्यांचा निरोप आला. गुरुजींचं ‘येतोच’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

“चल, तोवर घर दाखवतो,” हे म्हणाले आणि दारातून, म्हणजे रेघेतल्या खंडातून, मला आत घेऊन गेले. “ही बैठकीची खोली. इथं झोपाळा. ही आपली. ही रणजितची. ते मागं स्वयंपाकघर. आणि इथनं जिना.” त्यांनी आभाळाकडं बोट केलं. “वर एक सुवर्णाची, एक पाहुण्यांची.”

रणजित आमचा मुलगा, हैदराबादला. सुवर्णा मुलगी, नागपूरला दिलेली. दोघं गुणाची आहेत, पण दिवाळीला एक आला तर दुसरी येत नाही आणि आली तरी तिसऱ्या दिवशी तिकीट असतं.

“छान आहे,” मी म्हणाले. खरंच छान होतं. माणसाच्या मनातलं घर असं जमिनीवर उतरलेलं बघितलं की त्याच्यावर रागावता येत नाही. पण मला ते पटतही नव्हतं. म्हणून मी म्हणाले, “राहून बघू या का?”

“म्हणजे?”

“गुरुजी येईपर्यंत. माझी पोरं खेळतात तसं. फक्त आजचं नाही खेळायचं. दहा वर्षांनंतरचं. तुम्ही सत्तरीचे.”

“मालन, लोक बघतील.”

“बघू देत. आपलंच घर आहे.”

लोक म्हणजे तरी कोण, तर दस्तगीर मिस्त्री आणि पलीकडं ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या हौसाक्का. ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खुशीत होते म्हणून कबूल झाले.

“सकाळ झाली. उठा,” मी म्हणाले.

त्यांनी आमच्या खोलीत उभ्या उभ्याच आळोखेपिळोखे दिले. दस्तगीरला गंमत वाटायला लागली. तो विटांच्या ढिगावर टेकला.

“आता कुठं जायचं?”

हे खोलीच्या दारातून बैठकीत आले, बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारानं परसात, आणि परसाच्या पार टोकाला एक चौकोन आखला होता तिथं जाऊन उभे राहिले. संडास घराला लागून नको, असा त्यांचा हट्ट होता.

“गुडघा दुखतोय तुमचा,” मी इथूनच ओरडले. “लंगडत या. आणि पाऊस पडतोय.”

ते लंगडत आले. त्यातलं अर्धं नाटक होतं. पॅनपुढं इतकी वर्षं उभं राहून गुडघा तेव्हाच गेलेला होता. येऊन ते झोपाळ्यात बसल्यासारखं करून म्हणाले, “चहा आण.”

“अजून झाडलोट चाललीय. खालच्या चार झाल्या, वरच्या दोन राहिल्यात.” मी वाकून हातानंच झाडत होते. पाठीला खरोखर रग लागली.

“वरच्या राहू दे आज.”

“काल पण राहिल्यात.”

पलीकडून हौसाक्का सूप मांडीवर ठेवून हसल्या. “तिला इचारा, भावजी, कोळिष्टकं किती हैत!”

“ट्रिंग ट्रिंग,” मी म्हणाले. “रणजितचा फोन आलाय. तुम्ही घ्या.”

ह्यांनी कानाला हात लावला. “हां, बोल बाळा,” असं मोठ्यानं म्हणाले आणि ऐकत राहिले. मग हात खाली आला.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“सुट्टी नाही म्हणतोय.”

हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. त्यांचं तेच म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. तिथं थांबायला हवं होतं कदाचित. पण मी थांबले नाही.

“आता दुपार. तुमच्या छातीत दुखतंय.”

“मुहूर्ताच्या दिवशी असलं बोलू नये.”

“खेळ आहे. छातीत दुखतंय, मी गाडी केलीय, तुम्हाला तालुक्याला नेलंय. डॉक्टर म्हणतोय आधी पैसे भरा. कुठले भरू?”

“बँकेतले.”

“बँकेतले इथं आहेत.” मी रेघेवरच्या हवेवर थाप मारली. “ह्या भिंतीत. सांगा, किती विटा काढू? डॉक्टर विटा घेतो का ते पण विचारते.”

दस्तगीरनं मान खाली घातली. माझा आवाज कापत होता, ते मलाच ऐकू येत होतं. मी घाबरले होते, दुसरं काही नाही. वर्षभर ही भीती मनात होती आणि भांडताना ती एकदाही बाहेर पडली नव्हती. भांडताना मी व्याजाचे दर सांगायचे आणि हे सिमेंटचे.

मग हे उठले आणि दस्तगीरला म्हणाले, “मिस्त्री, फक्की उरलीय ना? तिकडं कोपऱ्यात हिचा फ्लॅट काढा.”

“आण्णा, कशाला आता...”

“काढा म्हणतो. दोन खोल्या, आतच संडास, एक दार. दार बंद ठेवा.”

दस्तगीरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मला कशाची भीती? माझा हिशोब चोख होता. त्यानं घमेल्यातून मूठ मूठ फक्की घेऊन कोपऱ्यात दोन खोल्या आखल्या. बंगल्याशेजारी त्या पेटीएवढ्या दिसत होत्या. मी आत जाऊन उभी राहिले आणि हे रस्त्यावर गेले.

“मी गेलो,” ते तिथून म्हणाले. “दोन वर्षं झाली जाऊन. आता तुझा दिवस दाखव.”

किती सहज बोलला हा माणूस! पण मी पदर खोचला. “उठले. संडास इथंच, लांब जायला नको. चहा टाकला. सिलेंडर दारात येतो. गोळ्या घेतल्या, औषधाचं दुकान खालीच. बँकेत गेले, व्याज जमा झालंय. आले. दोन खोल्या झाडायला कितीसा वेळ लागतो? झाल्या.”

“मग?”

“मग टीव्ही.”

“मग?”

“मग जेवण.”

“काय केलंस आज?”

“एकटीसाठी काय करायचं? कालचा भात आहे, तोच...” मी बोलता बोलता थांबले.

“मग?” ते म्हणाले. आवाज चिडवण्याचा नव्हता.

“झोपेन.”

“उठल्यावर?”

मी खाली बसले. फक्कीच्या रेघा चहूबाजूंनी इतक्या जवळ होत्या की पाय पसरायला भीती वाटावी. आयुष्यभर माझ्याभोवती चाळीस पोरांचा गलका होता. कॉलनीत तर शेजारणीच्या घरातली फोडणी आमच्या घरात खोकला आणायची. भिंतीवर दोनदा थापटलं की पलीकडून ‘ओ’ यायची. एकटेपण कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून ते माझ्या हिशोबात आलंच नव्हतं.

“दार वाजतंय का बघ,” हे म्हणाले.

मी ऐकलं. खरोखर कान देऊन ऐकलं. कुणी वाजवत नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला मनस्वी राग आला.

एवढ्यात एका हातात सूप आणि दुसरा हात गुडघ्यावर, अशा हौसाक्का डुलत डुलत आल्या. दार बघितलं नाही, भिंत बघितली नाही. सरळ रेघ ओलांडून माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“अगं मालन, उन्हात काय बसलीस अशी? ऊठ. घोटभर च्या घे चल.”

“वहिनी,” हे रस्त्यावरून म्हणाले, “तुम्ही दुसऱ्या मजल्यावर भिंतीतून आलात.”

“माझ्या पायाला भित लागली न्हाई बाबा,” अक्का म्हणाल्या. “अन् ह्यो काय पोरखेळ मांडलाय दोघांनी? गुरुजी यील आता.”

मी त्यांचा हात धरून उठले. त्यांचा हात सुपातल्या तुरीनं खरखरीत झाला होता. फ्लॅटच्या हिशोबात मी डॉक्टर धरला होता, बँक धरली होती, रिक्षाचं भाडंसुद्धा धरलं होतं. हौसाक्का धरल्या नव्हत्या. तालुक्याच्या गावी दुसऱ्या मजल्यावर त्या गुडघा घेऊन मला चहाला बोलवायला कशा येणार होत्या?

हे मी ह्यांना बोलून दाखवलं नाही. इतक्यात हार कशी मानायची? त्याऐवजी म्हणाले, “आता तुम्ही. तुमच्या बंगल्यात जा. मी मेले.”

“झालं की खेळून.”

“वा! तुम्ही खुशाल मेलात आणि माझ्या मरायच्या वेळी खेळ संपला?”

अक्कांनी “शुभ बोल गं” म्हणून मला चापटी मारली, पण त्याही बघायला थांबल्या. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो.

हे पुढच्या दारानं आत गेले. रेघेवर पाय पडू न देता, नीट, बैठकीतून स्वयंपाकघरात. तिथं मधोमध उभे राहिले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

“चहा करतो,” त्यांनी जाहीर केलं आणि फळीवर असावा तसा हात वर नेला. तो हात तिथंच राहिला. “मालन, चहाची पूड कुठं असते?”

मी काही बोलले नाही. मी मेले होते.

“मालन?”

“आण्णा, वैनी वारल्यात,” दस्तगीर हळूच म्हणाला.

ह्यांना हसू आलं नाही. “मालन, पूड कुठं आहे गं?” ते परत म्हणाले, आणि ह्या वेळी तो खेळातला आवाज नव्हता. तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, सुवर्णाला सासरी धाडताना. सहा खोल्यांच्या मधोमध हात वर धरून उभा असलेला हा माणूस, डोळ्यांनी साखरेचा दाणा ओळखणारा, आणि घरातला डबा त्याला सापडत नव्हता.

मग ते वळले आणि सरळ माझ्याकडं यायला लागले. दाराकडं गेलेच नाहीत. स्वयंपाकघराची भिंत, बैठकीची भिंत, पुढची भिंत, सगळ्यांतून तुडवत आले. पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

“बास,” ते म्हणाले. “बास झालं.” आणि विटांवर बसले.

दस्तगीर उठून लांब गेला आणि उगाच दोरी गुंडाळत बसला. आम्ही तिघं उरलो.

“मोठं घर असलं की माणसं येतात असं वाटायचं मला,” हे खाली बघत म्हणाले. “दोन खोल्यांत पोरं कंटाळतात, म्हणून येत नाहीत, असं मनाशी धरलं होतं. खोल्या बांधल्या की येतील.”

वर्षभराच्या भांडणात हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, थोरल्या भावावर एका खोलीनं मात करायची आहे. मी ते बोलूनही दाखवलं होतं, चार माणसांत. मी त्यांच्या पायावरची फक्की पदरानं झटकली. भर रस्त्यावर.

बोलल्या त्या अक्का. “तुमचं दादा बी असंच म्हणत हुतं, भावजी. पाच खोल्या बांधल्या. चार खोल्यांस्नी कुलूप हाय. मी सैपाकघरात निजती. पोरं वाईट न्हाईत माझी. येत्यात, दोन दिस ऱ्हात्यात, जात्यात. त्यास्नी तिकडं काम हाय. खोल्या मातूर बारा म्हैनं झाडाव्या लागत्यात.”

“मग पोरं आली की निजवायची कुठं, वहिनी?”

“माझ्याकडं की! तेवढीच कुलपं निघतील. तुमची येऊ द्यात, माझी येऊ द्यात. खोलीला काय कळतंय कुणाचं पोर हाय?”

आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. एका भिंतीपलीकडं चार खोल्या कुलपात पडून होत्या आणि आम्ही त्यांच्या शेजारी आणखी चार कुलपांत घालायला निघालो होतो, जन्माची कमाई ओतून. मला हसू फुटलं. ते थांबेना. हेही हसायला लागले, आणि अक्का आम्हा दोघांना ऊन लागलं असं समजून पाणी आणायला गेल्या.

त्या आत गेल्यावर हे म्हणाले, “दोनच खोल्या बांधू. इथं. संडास आत घेऊ. पायरी नको एकही.”

“आणि बाकीचे?”

“तू म्हणतेस तसं. पोस्टात, बँकेत. दोघांच्या नावावर.” थोडं थांबून म्हणाले, “पहिलं नाव तुझं घाल.”

तुम्हाला सांगते, मंगळसूत्र घातलं त्या दिवशीसुद्धा मला इतका आधार वाटला नव्हता.

पुढचं इथंच सांगून टाकते. पाचव्या वर्षी ह्यांच्या छातीत खरंच दुखलं. ठेव मोडली, ऑपरेशन झालं. रणजित हैदराबादहून आला तेव्हा त्यानं पैशाचा विषय काढला. मी म्हणाले, तू नुसता बापाजवळ बस. तो आठवडाभर बसला आणि हौसाक्कांच्या मधल्या खोलीत झोपला. हे आजही आहेत. सकाळचा चहा तेच करतात. साखर इतकी घालतात की विचारू नका, पण करतात.

तर त्या दिवशी. अक्कांचं पाणी पिऊन होतंय तोवर गुरुजींची मोटरसायकल आली. गुरुजी उतरले, उपरणं सारखं केलं आणि जमिनीकडं बघतच राहिले. तुडवलेला बंगला, कोपऱ्यात फ्लॅट, सगळीकडं पांढऱ्या पावलांचे ठसे.

“अहो मिस्त्री, हे काय? पाया नेमका कुठला?”

दस्तगीर ह्यांच्याकडं बघायला लागला. ह्यांनी त्याच्या हातातलं घमेलं घेतलं. पायानं फरफर जुन्या रेघा पुसल्या, फ्लॅटच्या पुसल्या, बंगल्याच्या पुसल्या, आणि मग वाकून, मुठीतून फक्की सोडत, स्वतः घर काढायला लागले. रेघ काही सरळ येत नव्हती. दस्तगीर दोरी घेऊन मागं मागं फिरत होता, “आण्णा, मला करू द्या, आण्णा, काटकोन ऱ्हातोय,” आणि हे ऐकत नव्हते. मघाचा बंगला रस्त्याकडं तोंड करून होता. हे घर पार दक्षिणेला सरकलं, अक्कांच्या ओट्यापर्यंत. एक खोली झाली, स्वयंपाकघर झालं, आत एक छोटा चौकोन झाला. मग अक्कांच्या बाजूची भिंत काढता काढता त्यांची मूठ मिटली. चार पावलं फक्की न सोडता चालले आणि पुन्हा मूठ उघडली.

“हे दार,” ते म्हणाले. “मी आधी गेलो तर वहिनी इथनं येतील तुझ्याकडं.”

“आणि मी आधी गेले तर?” मी विचारलं.

“तर मी इथनं जाईन त्यांच्याकडं जेवायला.”

“आयतं न्हाई मिळायचं!” अक्का ओट्यावरून ओरडल्या. “भाजी चिरावी लागंल.”

गुरुजींनी पंचांग उघडलं होतं. ते मान वर करून म्हणाले, “ते मागचं दार झालं. मुख्य दार कुठं?”

“हेच मुख्य,” हे म्हणाले.

“अहो, ही दक्षिण दिशा. यमाची दिशा! दक्षिणेला कुणी मुख्य दार ठेवतं का? पूर्वेला एवढी मोकळी जागा पडलीय. तिकडून घ्या.”

मला वाटलं, आता हे डळमळणार. संडास घराला लागून नको म्हणून वर्षभर अडून बसलेला माणूस. एरवी मुहूर्त बघितल्याशिवाय नवी चप्पल पायात घालत नाहीत. मी माझ्या मनात दार पूर्वेला हलवूनसुद्धा घेतलं.

ह्यांनी हाताची फक्की झटकली.

“गुरुजी, यमाला काय, खिडकीसुद्धा चालते. वहिनींना मात्र ह्या गुडघ्यानं वळसा घालून येववत नाही. दार इथंच राहू द्या.”

गुरुजींनी एकदा पंचांगाकडं पाहिलं, एकदा ओट्यावर पुन्हा तूर पाखडायला बसलेल्या अक्कांकडं पाहिलं, आणि कुदळीला कुंकू लावलं.